मंगळावरही जागेवर जाऊनच पाहणी होते




मंगळावर फिरणाऱ्या गाड्या आणि तिथे उडालेला ड्रोन यांवर हल्ली बरेच छापून येते. आमच्याकडे त्यावर दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, ‘काय ही झेप!’ आणि दुसरी, ‘पाड्यावर रस्ता नाही आणि म्हणे मंगळ!’ मला दोन्हींत भर घालायची नाही. मात्र त्या मोहिमेच्या कामाची पद्धत पाहिली की डहाणू-तलासरीतल्या वनहक्क दाव्यांबद्दल एक प्रश्न पडतो, तो मांडायचा आहे.

मंगळाभोवती २००६ पासून घिरट्या घालणाऱ्या नासाच्या यानावर असा कॅमेरा आहे, की त्याच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची जेमतेम फूटभर जागा. एवढा स्पष्ट फोटो हाताशी असूनही १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात टनभर वजनाची पर्सिव्हरन्स गाडी उतरवावीच लागली. तिथे एके काळी नदी येऊन मिळत होती, तळे होते, हे वरून कळले होते आणि ते खरेही होते. त्यामुळे विवराच्या तळाशी गाळाचा खडक मिळेल, अशी अनेक शास्त्रज्ञांची अटकळ होती. गाडीने खडक घासून आत पाहिले, तर तो निघाला लाव्हा थिजून झालेला. २००४ मध्ये गुसेव्ह विवरात उतरलेल्या स्पिरिट गाडीनेही असाच धक्का दिला होता.

पर्सिव्हरन्सबरोबर इन्जेन्युइटी नावाचे १.८ किलोचे हेलिकॉप्टर होते. १९ एप्रिल २०२१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. पाच उड्डाणांची अपेक्षा होती, झाली ७२. गाडीला न झेपणाऱ्या वाळूवरून ते गेले, पुढची वाट दाखवली. पण खडक कसला, हा निकाल त्याच्या फोटोवर कुणी दिला नाही. ते काम जमिनीवरच्या गाडीचे. जानेवारी २०२४ मध्ये एकसारख्या वाळूच्या लाटांवर त्याच्या खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ओळखीची खूणच सापडेना. उतरताना पाती मोडली आणि ते तिथेच राहिले.

आता आपल्याकडे या. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असेल, तर तिच्यावर चार हेक्टरच्या मर्यादेत त्याचा हक्क आहे. पुरावा तपासायला गावाची वनहक्क समिती, मग उपविभाग, मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती. आणि तरीही ‘उपग्रह छायाचित्रात लागवड दिसत नाही’ या एका ओळीवर दावा उडाल्याची तक्रार कानावर येतेच. तलासरीची हद्द ओलांडली की गुजरात. तिथे हा प्रकार इतका झाला, की २०१३ मध्ये उच्च न्यायालयाला दावे पुन्हा तपासा असे सांगावे लागले.

लागवड दिसणार कशी, तेही पाहा. त्या काळात देशाचे वनाच्छादन उपग्रहावरच्या ज्या लिस-३ कॅमेऱ्याच्या फोटोंवरून मोजले जात होते, त्याचा एक ठिपका साडेतेवीस मीटर लांब-रुंद, म्हणजे साडेपाच गुंठे. वरकस उतारावरचा नागलीचा तुकडा, मध्ये राखलेला मोह, कडेला ताड, हे सगळे एका ठिपक्यात कालवले जाते. त्यात आपली शेती पावसाची. नागली-वरई शेतात उभी असते तेव्हा आभाळ भरलेले. आभाळ मोकळे होऊन फोटो निघेपर्यंत कापणी उरकत आलेली. उरते ते वाळके गवत. उलट, वनाच्छादनाच्या सरकारी व्याख्येत हेक्टरभर जागेवर दहा टक्के झाडांची सावली असली की पुरे, मालकी कुणाचीही असो. म्हणजे घोलवडची चिकूवाडी वरून पाहता वन, आणि आदिवासीचे शेत वरून पाहता काहीच नाही!

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की उपग्रह छायाचित्र इतर पुराव्याला पूरक म्हणून चालेल, त्याची जागा घेणार नाही. डहाणूच्या कष्टकरी संघटनेच्या प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच कागदांपलीकडचा पुरावाही विचारात घ्या, असे सांगितले होते. आपल्या तालुक्यातून सुरू झालेली ही लढाई आपल्याच तालुक्यात विसरली जावी, याचे मला वाईट वाटते.

खोटे दावे येतात, हा आक्षेप मला मान्य आहे. २००५ नंतर झाडे तोडून केलेल्या शेतीला जुनी शेती म्हणणारेही असतील. पण खोटे पकडायलाही जागेवरच जावे लागेल. ड्रोनला माझा विरोध नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावात ड्रोनने ३०० लसी पोहोचल्या, तेव्हा या जिल्ह्याने त्याचा उपयोग पाहिला आहे. आजची हद्द ड्रोन चोख मोजून देईल. मात्र आज उडालेला ड्रोन २००५ साल पाहू शकत नाही. ते दिसते बांधात. वीस-तीस पावसाळे खाल्लेल्या बांधाचे खालचे दगड मातीत रुतलेले असतात, फटींतून झुडपांची मुळे शिरलेली असतात. परवा रचलेला बांध शेजारी ठेवला तर शाळकरी पोरही फरक सांगेल. ते साल दिसते शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या वाघोबाच्या दगडात, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या जबाबात, आणि वनखात्यानेच त्या काळी फाडलेल्या दंडाच्या पावत्यांत. यांतला कोणता पुरावा आकाशातून दिसतो?

म्हणून जिल्हास्तरीय समितीला विनंती आहे. केवळ छायाचित्राच्या आधारे नामंजूर झालेल्या दाव्यांची गावनिहाय यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. त्यांची फेरपाहणी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, पीक उभे असताना, दावेदार आणि वनहक्क समितीच्या समक्ष करावी, आणि पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी दावेदाराच्या हातात द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
कासा, ता. डहाणू, जि. पालघर