चूक दडपणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

संगणकाने चूक दाखविली की पुष्कळांना ती आपली मानहानी वाटते. मग ती समजून घेण्याऐवजी तिचे तोंड बंद करण्याकडेच कल असतो. १९९२ साली बाजारात आलेल्या आणि आजही वापरात असलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये हे चटकन दिसते.

एका फाइलीतील तक्ते, क्वेरी किंवा फॉर्म दुसऱ्या फाइलीत नेण्यासाठी ‘कॉपीऑब्जेक्ट’ किंवा ‘ट्रान्स्फरडेटाबेस’ अशी एका ओळीची आज्ञा पुरते. पण नावात एका अक्षराचा फरक पडला, फाइलीचा पत्ता चुकला, किंवा ती फाइल दुसऱ्या कोणी स्वतःपुरती उघडून ठेवली असली, की काम अडते. यंत्र क्रमांकासह कारण सांगते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ लिहिणे. अर्थात, चुकले तरी पुढे चल! संदेश थांबतो, पण तक्ता जागचा हलत नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत.

ही ओळ सर्वस्वी त्याज्य आहे, असे नव्हे. असेल-नसेल असा जुना तक्ता पुसताना ती जरूर वापरावी; मात्र लगेच ‘ऑन एरर गोटू झिरो’ लिहून मुभा संपवावी.

शिवाय काही घोटाळे संदेशाविनाच होतात. आयात करताना त्याच नावाचा तक्ता आधीच असेल, तर नव्याच्या नावापुढे १ लागतो आणि फॉर्म जुनीच माहिती वाचत राहतो. जोडलेल्या तक्त्याची प्रत घेतली, तर केवळ जोडणी येते. माहिती मूळ फाइलीतच राहते. ती फाइल पुसली की सारेच गेले! म्हणून प्रतीपूर्वी फाइल व नाव तपासावे, चुकीचा क्रमांक व कारण नोंदवावे, आणि शेवटी दोन्हीकडच्या नोंदी मोजाव्यात.

तक्त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे कोणाचे तरी गुण, कोणाची तरी भरलेली फी असते. ती हरवल्यावर खेटे घालतो तो विद्यार्थी. आज्ञा लिहिणारा नव्हे. म्हणूनच प्राध्यापकवर्गाला विनंती, की प्रात्यक्षिकात ‘प्रोग्राम चालला’ एवढ्यावर गुण देऊ नयेत. तो अडला तेव्हा विद्यार्थ्याने काय वाचले आणि काय केले, हेही विचारावे.