मॉनिटर घेण्याआधी लॅपटॉप तपासा

2020 च्या टाळेबंदीपासून अनेकांचे ऑफिस घरात आले, पण घर काही मोठे झाले नाही. दोन खोल्या आणि टेबल एकच. दिवसा त्यावर मुलीचे ऑफिस, संध्याकाळी धाकट्याचा अभ्यास. आमच्या शेजारची मुलगी रोज लॅपटॉपला चार-पाच वायरी जोडायची आणि रात्री काढायची. कंटाळून तिने साठवलेल्या पैशांतून डॉकिंगचा मॉनिटर आणला. यात माऊस, कीबोर्ड, इंटरनेटच्या वायरी मॉनिटरलाच कायम जोडलेल्या राहतात. लॅपटॉपला फक्त एक टाईप-सी केबल लावायची. तिच्यातूनच चित्र जाते आणि लॅपटॉप चार्जही होतो.

पण घरी जोडला, तर पडदा काळाच! मॉनिटर चांगला होता. तिच्या लॅपटॉपच्या टाईप-सी पोर्टमधून चित्र जातच नव्हते, चार्जिंगही होत नव्हते. शेवटी एचडीएमआय केबल आणि चार्जर वेगळा लावावा लागला. एका वायरीसाठी मोजलेले जादा पैसे वाया गेले.

असे आपल्या घरी होऊ नये म्हणून एवढे पाहावे :

1) टाईप-सीचा आकार सारखा असला तरी काम सारखे नसते. लॅपटॉपच्या मॉडेलच्या माहितीत त्या पोर्टपुढे ‘डिस्प्लेपोर्ट’ आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ हे दोन्ही शब्द हवेत.

2) लॅपटॉपच्या चार्जरवरचा आकडा वाचावा. 20 व्होल्ट आणि 3.25 अँपिअर म्हणजे 65 वॅट. मॉनिटरने टाईप-सीतून निदान तेवढे वॅट द्यायला हवेत. काही मॉनिटर 15 वॅटच देतात.

3) इंटरनेटची वायर लावायची असेल, तर मॉनिटरला लॅन पोर्ट आहे ना, हे पाहावे. तो सगळ्यांना नसतो.

4) केबल मॉनिटरसोबत आलेलीच वापरावी. मोबाईल चार्जिंगच्या बऱ्याच केबलमधून चित्र जात नाही.

5) लॅपटॉप कंपनीचा असेल, तर बाहेरची उपकरणे जोडायला परवानगी आहे का, ते ऑफिसात आधी विचारावे.

लहान टेबलाला 24 इंची पडदा पुरतो. पोर्ट चालत नसेल तर साधा एचडीएमआय मॉनिटर घ्यावा. वाचलेल्या पैशांत पाठीला आधार देणारी खुर्ची येईल.

आणि खरेदीला जाताना लॅपटॉप पिशवीत घालून न्यावा. दुकानातच जोडून पाहावा. दुकानदार कंटाळला तरी आपण संकोचू नये. पैसा आपल्या घामाचा आहे.