‘अस्सल पुणेरी’ म्हणजे नेमके कोणाचे पुणे?

१/ ‘अस्सल पुणेरी’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ठरलेली चित्रे येतात : लाल पगडी, खोचक पाटी, दुपारची बंद दुकाने, बाकरवडीसाठी लागलेली रांग आणि या सर्वांच्या मागे सदाशिव पेठेतील एखादा वाडा. हे चित्र खोटे नाही. मात्र ते शहराच्या एका कोपऱ्याचे आणि बव्हंशी एकाच शतकाचे आहे. त्यालाच संपूर्ण पुणे मानण्याची सवय कशी लागली आणि तिची किंमत कोण मोजतो, याविषयी हा धागा.

२/ आधी थोडे दूर जाऊ. ‘अस्सल स्पॅनिश’ म्हणून जगाला ठाऊक असलेल्या गोष्टी पाहा. फ्लामेंको हे दक्षिणेकडील आंदालुसियाचे गाणे-नाचणे. पाएला हा वालेन्सियाचा भात. १९६० च्या दशकात फ्रँकोच्या राजवटीने ‘स्पेन वेगळा आहे’ अशी जाहिरात करून पर्यटक ओढले, तेव्हा बैलझुंज आणि फ्लामेंको हाच संपूर्ण देशाचा मुखवटा ठरला. कॅटलान, बास्क, गॅलिशियन या भाषांना मात्र त्याच राजवटीत सार्वजनिक जीवनातून दूर सारण्यात आले होते.

३/ म्हणूनच २०१० मध्ये कॅटलोनियाच्या विधिमंडळाने बैलझुंजीवर बंदी घातली, तेव्हा तो केवळ प्राणिदयेचा प्रश्न मानला गेला नाही. ‘तुमचे प्रतीक आमचे नव्हे’ असाही त्याचा अर्थ लावला गेला. २०१६ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द केली. (जाता जाता : फ्लामेंको घडवण्यात ज्या रोमा लोकांचा मोठा वाटा आहे, त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले होते. स्पेनमध्ये त्यांचा शतकानुशतके छळ झाला, आणि पुढे त्यांचीच कला राष्ट्राची ओळख म्हणून मिरवली गेली.)

४/ आता पुण्याकडे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत इ. स. ७५८ मध्ये ‘पुण्यविषय’ आणि ७६८ मध्ये ‘पुनकविषय’ असे उल्लेख येतात. वस्ती इतकी जुनी. ‘अस्सल’पणाची राजधानी मानली जाणारी सदाशिव पेठ मात्र १७६९ मध्ये थोरल्या माधवरावांच्या काळात, पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसली. पहिल्या ताम्रपटानंतर तब्बल हजार वर्षांनी!

५/ जुन्या पेठांची नावेही पूर्वी निराळी होती. रविवार पेठ म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. औरंगजेबाच्या काळातील मोहियाबाद म्हणजे आजची बुधवार पेठ. वारांची नावे नंतर आली, आणि इतकी रुजली की ती अनादि काळापासूनची वाटू लागली.

६/ माणसांचेही तसेच. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे. कसब्यातील तांबट आळीत मठारकाम करणारे त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून आले. टिळक रत्नागिरीचे, गोखले गुहागरजवळच्या कोतळूकचे, आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. न्यायमूर्ती रानडे निफाडला जन्मले. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे. दगडूशेठ हलवाई कर्नाटकातून आलेले लिंगायत, आणि १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव उभा करणारे भीमसेन जोशी गदगकडचे. एवढेच काय, ‘पुणेकर’ नावाचा विनोदी नमुना ज्यांच्या लेखणीने घरोघरी पोहोचला, ते पु. ल. देशपांडे मुंबईत जन्मले आणि पार्ल्यात वाढले.

७/ खाद्यपदार्थांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बाकरवडीचे चितळे सांगली जिल्ह्यातील भिलवडीचे. कॅम्पातील कयानी बेकरी १९५५ ची, इराण्यांची, आणि तिच्या श्रूसबेरी बिस्किटाचे नाव इंग्लंडमधील एका गावाचे. ‘मस्तानी’ या थंड पेयाचे नाव जिच्यावरून आले, ती बुंदेलखंडातून आली. तिला पेशव्यांच्या घराने स्वीकारले नाही. शहराने मात्र पेल्यात घेतले.

८/ इथवर आल्यावर एक सोपा निष्कर्ष हाताशी येतो : ‘सगळेच बाहेरचे, म्हणून अस्सल असे काहीच नसते.’ हा निष्कर्ष चतुर असला तरी चुकीचा आहे. पुणे म्हणजे नाशिक नव्हे, कोल्हापूरही नव्हे. हे परक्यालाही दोन दिवसांत कळते. स्थळाला स्वभाव असतो. मात्र तो पहिल्यांदा कोण आले यावर ठरत नाही. आलेल्यांनी एकमेकांशी काय केले, यावर ठरतो.

९/ आणि पुण्यात आलेल्यांनी प्रामुख्याने काय केले? ते भांडले. वृत्तपत्रांतून, व्याख्यानांतून, नगरपालिकेच्या सभागृहातून, नाटकांतून, न्यायालयांतून. या भांडणात दोन्ही बाजू पुणेरी होत्या. ‘अस्सल’पणाच्या प्रचलित चित्रात मात्र एकच बाजू उरली आहे. आक्षेप आहे तो इथे.

१०/ पगडीचेच उदाहरण घ्या. रानडे-टिळकांच्या पिढीच्या छायाचित्रांतून परिचित झालेल्या पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिरी जपण्यासाठी ते योग्यच. पण २०१८ मध्ये शरद पवारांनी पुण्यातील सभेत तिच्याऐवजी फुले पगडीचा आग्रह धरला, आणि २०१९ च्या आरंभी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात पुणेरी पगडी आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी ‘फुले पगडी का नाही?’ असा सवाल करीत निदर्शने केली. अनेकांनी हा पोरकटपणा ठरवला. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात हा प्रश्न उठणार नाही, तर कुठे उठणार?

११/ फुल्यांचे पागोटे हेही पुण्याचेच शिरोभूषण आहे. ते माळी-कुणब्यांच्या डोक्यावर होते, बाजारात, बांधकामावर, मळ्यात होते. त्याला ‘पुणेरी’ हे विशेषण लागले नाही, याचे कारण कापडात शोधून सापडणार नाही.

१२/ याहून मोठी गोष्ट पाण्याची. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून नळ बांधून पाणी शहरात आणले. जमिनीखालून आलेले ते पाणी पेठांतील हौदांत पडे. अभियांत्रिकी म्हणून ते काम खरोखर थोर आहे आणि पुण्याच्या अभिमानाच्या यादीत त्याचे स्थान रास्त आहे.

१३/ पण शहरातील अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक पाण्यावर हक्क नव्हता. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. जिथे तो आहे त्या गंज पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. कात्रजचा नळ आणि गंज पेठेतील हौद हे एकाच पाण्याच्या इतिहासाचे दोन भाग. ‘वारसा फेरी’ काढणाऱ्यांनी दोन्ही एकाच दिवशी दाखवावेत.

१४/ एकाच वास्तूने पुण्याचे प्रतिनिधित्व करायचे असेल तर शनिवारवाड्याला तो मान सवयीने दिला जातो. १७३० मध्ये पाया, १८२८ मध्ये आग, १९१९ पासून संरक्षित स्मारक. त्याच्या भव्यतेविषयी वाद नाही. तरीही अधिक पुणेरी इमारत त्याच्यापासून चालत थोड्याच अंतरावर आहे : मंडई.

१५/ शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरणारा भाजीबाजार हलवण्यासाठी ही गॉथिक धाटणीची, मध्ये अष्टकोनी मनोरा असलेली इमारत बांधण्यात आली. १८८६ मध्ये ती खुली झाली आणि मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणवली गेली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या इमारतीवरील अवाढव्य खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते हरले. इमारत उभी राहिली.

१६/ १९२४ मध्ये याच मंडईच्या आवारात टिळकांचा पुतळा बसवण्यात आला. अनावरणाला मोतीलाल नेहरू आले होते. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत ठराव मांडला की शहरात जोतीरावांचाही पुतळा असावा. ठराव फेटाळला गेला. त्या वादातून दिनकरराव जवळकरांची ‘देशाचे दुश्मन’ ही जहाल पुस्तिका निघाली, खटला उभा राहिला, आणि अपिलात जेधे-जवळकरांची बाजू लढवणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१७/ त्या पुस्तिकेची भाषा आज वाचवत नाही, हे मान्य करावे लागेल. पण तिच्यामागची जखम खरी होती. ज्याचा जन्म, शाळा, हौद, सत्यशोधक समाज आणि मृत्यू, सारे याच शहरात घडले, त्याला या शहरात दगडाएवढीही जागा नाकारली गेली होती. पुढे मंडईलाच त्याचे नाव मिळाले. ज्या इमारतीला जोतीरावांनी विरोध केला, तिच्यावर त्यांचे नाव, आणि तिच्या आवारात टिळकांचा पुतळा. खाली गाळ्यांवर मेथीच्या जुड्या. पुण्याचा स्वभाव एका चौकात पाहायचा असेल तर हा चौक पुरेसा आहे.

१८/ मंडईभोवतीचे पुणे आणखी एका कारणाने महत्त्वाचे. इथे हमाल आहेत, पथारीवाले आहेत. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला तरी पूर्वेकडील नाना, भवानी, गंज या पेठांची घडण व्यापार आणि श्रम यांनीच झाली. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने कष्टकऱ्यांना परवडेल असे अन्न देण्यासाठी सुरू केलेली ‘कष्टाची भाकर’ हे तितकेच पुणेरी खाद्य आहे, जितकी बाकरवडी. ‘पुण्यात काय खावे’ या याद्यांत ती सहसा नसते.

१९/ यादीत असणे-नसणे ही किरकोळ बाब वाटते, ती तशी नाही. ‘अस्सल’ ठरलेले जपले जाते, उरलेले वाट पाहते. १८४८ मध्ये फुले दांपत्याची मुलींची शाळा बुधवार पेठेतील ज्या भिडे वाड्यात सुरू झाली, तो दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर होता. रोज हजारो माणसे त्याच्याकडे पाठ करून दर्शनाला उभी राहत. राष्ट्रीय स्मारकाचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी जागा मोकळी करताना वाडा पाडावा लागला, कारण तोवर जपण्याजोगे फारसे उरले नव्हते. वाडा एका भिड्यांचा, शाळा एका माळी दांपत्याची. त्याहून पुणेरी वास्तू कोणती असणार होती?

२०/ आणि आता शहराची हद्द पेठांच्या कितीतरी पलीकडे गेली आहे. २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली. सूस, म्हाळुंगे, मांजरी, वाघोली येथील माणसांना ‘आता तुम्हीही पुणेकर’ असे कौतुकाने सांगितले जाते. ज्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या पुणे परगण्याची जमीन कसत आली, त्यांना हे प्रमाणपत्र शहरात नव्याने घर घेतलेल्यांनी द्यावे, हा विनोद पुणेरी पाटीवर शोभेल.

२१/ त्या २३ गावांत कात्रजच्या आसपासची मांगडेवाडी, भिलारेवाडी आणि गुजर-निंबाळकरवाडीही आहे. पावणेतीनशे वर्षांपूर्वी याच परिसरातून पेठांच्या हौदांना पाणी गेले. समाविष्ट गावांतील अनेक वस्त्या आज टँकरची वाट पाहतात, आणि कर शहराचा भरतात.