मातीविना चारा : संच विकत घेण्याआधी हिशेब करा

‘मातीविना शेतीत पैसा घालावा काय?’ हा प्रश्न अलीकडे आमच्याकडे वारंवार येतो. विचारणारे पिशोर-कन्नड भागातले तरुण असतात. कुणाचे वेल्डिंगचे दुकान, कुणाचा शेळ्यांचा व्यापार. नावावर जमीन नाही, पण अंगण आहे. त्यांना शहरात पाइपांतून उगवलेली पालेभाजी दाखवतात आणि महागडा संच गळ्यात मारतात.

विद्या खोटी नाही. अमेरिकेत गेरिक यांनी १९३०च्या दशकात पाण्यात टोमॅटो वाढवून दाखवले. पण भाजीच्या या शेतीत खतांचे द्रावण मोजून द्यावे लागते, पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राखावा लागतो. पाइपात पाण्याची बारीक धार असते. उन्हाळ्यात वीज गेली, मोटर थांबली, की काही तासांत मुळे सुकतात. शिवाय लेट्यूसचे गिऱ्हाईक शहरातल्या हॉटेलात, पिशोरात नव्हे.

म्हणून आमचे मत असे की, सुरुवात चाऱ्यापासून करावी. २०१२-१३ व २०१५-१६च्या दुष्काळात मराठवाड्यातील अनेक पशुपालकांनी बांबू व शेडनेटच्या खोपीत मक्याचा चारा ट्रेमध्ये वाढवला. यात खत नाही, औषध नाही, फक्त पाणी. आणि मका तर या भागातलाच.

मका स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावा, एक दिवस ओल्या गोणपाटात बांधून ठेवावा. मोड आले की खाली भोके असलेल्या ट्रेमध्ये पातळ पसरावा. दिवसातून अनेकदा हलके पाणी शिंपडावे. सात-आठ दिवसांत वीतभर उंच हिरवी गादी तयार होते. मुळांसकट जनावर खाते. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो. चार शेळ्यांना रोज एकेक किलो द्यायचा तर रोज सुमारे आठशे ग्रॅम मका आणि फिरते आठ ट्रे पुरतात. रॅक बाजारातून आणू नये. आपला वेल्डर अँगलचा करील, सुतार बांबूचा. चार शेजाऱ्यांनी मागितला तर तोच एक धंदा.

दोन गोष्टी मात्र विक्रेता सांगत नाही. बियाण्याच्या दुकानातला रंगीत, औषध लावलेला मका विषारी असतो. तो कदापि वापरू नये. खाण्याचा मका घ्यावा, पण आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते पाहावे. किडका, फुटका दाणा बुरशी आणतो, आणि बुरशी दिसली की तो ट्रे जनावरापुढे टाकू नये.

दुसरी गोष्ट वजनाची. पाच पट झाले ते बहुतेक पाणी. दाण्यात जेवढा सुका अंश होता, त्याहून चाऱ्यात थोडा कमीच असतो. तेव्हा कडबा बंद करून चालत नाही. मक्याच्या भावाला पाचाने भागा, त्यात मजुरी धरा आणि बाजारातल्या हिरव्या चाऱ्याशी ताडून पाहा. मार्च ते जूनमध्ये, किंवा बकरी ईदसाठी बोकड तयार करताना हिरवा चारा महाग असेल, तर हिशेब जुळू शकतो. पावसाळ्यात बांधावर फुकट गवत असताना जुळत नाही. तेव्हा ट्रे धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवावेत.