निकाल लागला, पण ताबा कधी?

दिवाणी न्यायालयाने हुकूमनामा दिला की दावा संपला, असे आपण धरून चालतो. हुकूमनाम्याने हक्क ठरतो; जमिनीचा ताबा किंवा थकलेली रक्कम त्याने आपोआप हाती पडत नाही. हरलेल्याने आदेश पाळला नाही, तर जिंकलेल्याला अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करून पुन्हा न्यायालयातच उभे राहावे लागते. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे ब्रिटिश काळातले शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच नोंदवले होते. ते आजही खरे आहे. तमिळनाडूतला 1986 चा एक दावा 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दरखास्तीच्याच टप्प्यावर होता. त्या प्रकरणात न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांकडून माहिती मागवली, तेव्हा देशात 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित असल्याचे उघड झाले. त्यांतल्या सुमारे 3 लाख 41 हजार मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. महाराष्ट्राने हा आकडा मनावर घ्यायला हवा.

न्यायालयांना अधिकार कमी आहेत म्हणून हे घडते, असे नाही. मालमत्ता जप्त करून विकणे, ताबा देवविणे, रिसीव्हर नेमणे, दिवाणी तुरुंगात पाठवणे हे सारे उपाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 51 मध्ये आहेत. अडचण वेगळीच आहे. दरखास्तीत तिऱ्हाईत माणूसही मालकी सांगत हरकत घेऊ शकतो. त्यासाठी वेगळा दावा लावावा लागू नये म्हणून ती हरकत तिथेच ऐकण्याची तरतूद आहे. हेतू चांगला, पण त्यामुळे न्यायालयाचा बेलिफ दारात पोहोचला की नवी हरकत पुढे येते आणि दरखास्तीचाच दावा होतो. तोवर जागा अडवणाऱ्याकडेच राहते आणि पैसे बुडवणाऱ्याकडेच फिरतात. लांबवण्यात नफा असेल, तर माणूस लांबवणारच.

घाई केली तर गरीब कर्जदार भरडला जाईल, ही भीती रास्त आहे. तिची काळजी कायद्याने आधीच घेतली आहे. कारागिराची अवजारे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याचे राहते घर यांना त्याच संहितेचे कलम 60 जप्तीपासून संरक्षण देते. प्रामाणिक पण कफल्लक ऋणकोला केवळ पैसे फेडता आले नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितले. ऐपत नसलेल्याला संरक्षण मिळावेच. ते ऐपत लपवणाऱ्याला मिळू नये. दुसरा आक्षेप न्यायाधीशांच्या अपुऱ्या संख्येचा. तो खरा आहे. मात्र एकच वाद आधी दाव्यात आणि मग दरखास्तीत असा दोनदा ऐकला जातो, तेव्हा त्याच अपुऱ्या न्यायाधीशांचा वेळ दुप्पट जातो.

म्हणून अंमलबजावणीची तयारी निकालाच्या आधीपासून व्हायला हवी. जागेवर आणखी कोणाचा हक्क आहे का, प्रतिवादीची मालमत्ता कोणती, हे दावा चालू असतानाच प्रतिज्ञापत्रावर घ्यावे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने निर्देश दिले आणि दरखास्तीला सहा महिन्यांची मुदत घातली. प्रलंबित आकडे पाहता ते निर्देश तालुक्याच्या न्यायालयांत अजून पुरते रुजलेले नाहीत. निराधार हरकत घेणाऱ्याकडून, अडवलेल्या जागेचे त्या काळातले भाडे भरून निघेल इतका जबर खर्च वसूल करावा. बेलिफाला पोलिस बंदोबस्त देण्याचा आदेश झाला, तर त्याची तारीखही त्याच आदेशात असावी. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, ताबा किंवा पैसे हाती पडेपर्यंत न्यायालयांच्या आकडेवारीत दावा निकाली निघाल्याची नोंद होऊ नये. कागदावरचा निकाल मोजला जातो, तोवर व्यवस्थेचे लक्ष कागदावरच राहील. पक्षकार न्यायालयात येतो तो मात्र आपल्या जमिनीसाठी आणि पैशासाठी.