काकूंचा साचा, आमचे पीठ

गेल्या रमजान ईदच्या आठवडाभर आधी आमच्या मुलीने जाहीर केले की यंदा शीरखुर्म्याच्या जोडीला वॉफल करायचे. सांगलीत वॉफलची दुकाने झाली आहेत, पण एकेकाला दीडशे-दोनशे रुपये पडतात आणि आमच्या घरी खाणारी तोंडे सात. तेव्हा घरी करायला आमची ना नव्हती. अवघड गोष्ट पुढेच होती. "शेजारच्या काकूंना बोलवायचे," ती म्हणाली, "आणि त्यांनी आपल्याकडे बसून खाल्ले पाहिजे."

काकू जैन. शेजार एकोणीस वर्षांचा. पूर्वी ताटांची देवघेव होती. बारा वर्षांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला काकूंच्या मुलाच्या हातात आम्ही केकचा तुकडा ठेवला आणि त्यात अंडे आहे हे सांगायचे राहून गेले. चूक आमचीच. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यानंतर ईदला आम्ही बंद पाकिटातले काजू-बदाम पाठवू लागलो आणि दिवाळीला त्यांच्याकडून मिठाईचा बंद खोका येऊ लागला. इफ्तारला बोलवावे तर त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि आमचा रोजा सुटतो तोच सूर्यास्ताला! उरली ईदची दुपार.

वॉफलचा मूळ प्रकार तरी कोणता, हे आधी पाहिले. बेल्जियममध्ये त्याचे अनेक प्रकार आहेत. ब्रुसेल्सचे वॉफल चौकोनी, हलके, खोल खळग्यांचे. पातळ पिठात यीस्ट किंवा अंड्याचा फेटलेला पांढरा भाग घालून केलेले. लिएज शहराचे जाडसर; त्याची कणीक पावासारखी मळतात आणि आत साखरेचे टपोरे खडे घालतात, ते साच्यात वितळून कडक होतात. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ब्रुसेल्सकडचे वॉफल स्ट्रॉबेरी आणि क्रीम घालून विकले गेले आणि 'बेल्जियन वॉफल' हे नाव अमेरिकेत घरोघरी पोचले. आपल्याकडे बेकिंग पावडर घालून करतात तो याचाच सोपा अवतार. स्ट्रॉबेरीचे वाचल्यावर आम्हाला बरे वाटले. आमचे माहेर सातारचे, आणि ईद सध्या स्ट्रॉबेरीच्या हंगामात येते. मामूंना फोन गेला, ईदच्या आदल्या दिवशी एस.टी.ने दोन खोकी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेऊन ते हजर.

पण त्याआधी आम्ही कागद-पेन घेऊन काकूंकडे गेलो होतो. तो जुना केक आम्हीच काढला. काकू म्हणाल्या, "झालं ते झालं. लिहा." अंडे नको. यीस्ट नको. मध नको. शेवटच्या शब्दावर आम्ही थबकलो. मध आमच्याकडे शिफा, त्यांच्याकडे वर्ज्य. मग कराडकडच्या गुऱ्हाळातली काकवी ठरली, आणि खरे सांगायचे तर वॉफलच्या खळग्यांत काकवीच जास्त चांगली बसते.

आमचीही यादी होतीच. बाजारातल्या क्रीममध्ये, मार्शमेलोमध्ये जिलेटिन असू शकते. इथे पाकिटावरची हिरवी खूण दोन्ही घरांना उपयोगी पडते. पण ती खूण फक्त पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते, अल्कोहोलबद्दल काही बोलत नाही. व्हॅनिलाचा अस्सल अर्क अल्कोहोलमध्येच काढतात. इसेन्सच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचावे लागते, आणि अक्षरे इतकी बारीक की चष्मा लावूनही दिसत नाहीत. त्यावर चर्चा करत बसण्यापेक्षा आम्ही वेलची घातली.

प्रमाण असे: दीड कप मैदा, पाव कप कॉर्नफ्लोअर, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे पिठीसाखर, वेलचीपूड. दुसऱ्या भांड्यात सव्वा कप कोमट दूध, पाव कप ताजे दही, चार मोठे चमचे पातळ केलेले साजूक तूप. दोन्ही एकत्र करून हलक्या हाताने ढवळायचे. गुठळ्या थोड्या राहिल्या तरी चालतात. फार घोटले तर वॉफल चिवट होते. दहा मिनिटे पीठ झाकून ठेवायचे. कॉर्नफ्लोअर वगळू नये, अंडे नसताना कुरकुरीतपणा तोच देतो.

रमजानमध्ये एका रात्री तरावीहनंतर घरच्या सँडविच टोस्टरमध्ये करून पाहिले. चव चांगली, पण सवयीने चपात्यांसारखी एकावर एक रचून फडक्यात गुंडाळली, आणि पाच मिनिटांत सगळी लोळागोळा. वॉफल जाळीवरच सुटी ठेवायची, वाफ खालूनही निघून गेली पाहिजे. साचाही वाफ यायची थांबल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर वॉफल मधून फाटते.

दुसरी अडचण त्या टोस्टरचीच होती. त्यात आम्ही खिम्याचे सँडविच केलेले. घासून धुता आला असता, पण गप्प बसणे आम्हाला एकदा महागात पडले होते. काकूंना सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडे गॅसवरचा साचा आहे. सुनेने आणलाय. मीच घेऊन येते."

ईदच्या दुपारी तीन वाजता काकू साचा, स्वतःचे पातेले आणि डाव घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या. आम्ही कट्टा सकाळीच धुऊन ठेवला होता. पीठ आमच्या मुलीने त्यांच्या पातेल्यात त्यांच्यासमोर कालवले. साचा चांगला तापवून तुपाचा हात फिरवला, डावभर पीठ ओतले, दोन-दोन मिनिटांनी साचा उलटला. पहिले वॉफल चिकटले. काकू म्हणाल्या, पहिले असेच जाते, घावनाचेही जाते. दुसरे सोनेरी निघाले. ते त्यांनी उभ्यानेच, काकवीत बुडवून खाल्ले. तिसरे स्ट्रॉबेरीबरोबर, खुर्चीवर बसून.

जाताना उरलेले पीठ त्यांनी मागून घेतले. मुलगा पुण्याहून दिवस मावळायच्या आत पोचणार होता, त्याच्यासाठी. तोच तो मुलगा, आता इंजिनिअरिंगला आहे. दुसऱ्या दिवशी काकू कुंपणापाशी आल्या आणि त्याचा निरोप सांगितला: वॉफल छान, पण वेलची जरा जास्त झाली.