विद्यार्थ्यांनी शिक्षकांची परीक्षा घ्यावी काय?

आम्हां विद्यार्थ्यांची परीक्षा वर्षातून अनेकदा होते; मग शिक्षकांची परीक्षा आम्ही का घेऊ नये, असा प्रश्न मधल्या सुटीत वरचेवर निघतो. तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. तपासनीस तासभर वर्गात बसून जातात. आम्ही मात्र वर्षभर शिक्षकांसमोर असतो.

परंतु आम्हांला कळते तरी किती? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे पाठ दोन रीतींनी देऊन पाहिले. एकीत ओघवते व्याख्यान, दुसरीत विद्यार्थ्यांनीच गटागटाने उदाहरणे सोडवावयाची. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मोठा मौजेचा आहे. व्याख्यान ऐकून आपण अधिक शिकलो, असे विद्यार्थ्यांना वाटले; चाचणीत अधिक गुण मात्र स्वतः झगडल्यावरच मिळाले. ही तर महाविद्यालयातील मंडळी! मग पाचवी-सहावीतील बालकांची काय कथा? गोष्टी सांगणारे गुरुजी आम्हांस प्रिय, आणि अपूर्णांक घोटून घेणारे नकोसे. ते अपूर्णांक पुढे बीजगणितात किती उपयोगी पडतील, हे त्या वयात कोणास उमगावे?

म्हणून आमचे मत रद्दीत टाकावे काय? मुळीच नाही. अमेरिकेतच गेट्स प्रतिष्ठानाने शालेय वर्गांचा मोठा अभ्यास करविला. 'शिक्षक आवडतात का?' असे न विचारता वर्गात प्रत्यक्ष काय घडते, एवढेच मुलांना विचारले, तेव्हा त्यांच्या उत्तरांचा आणि वर्गाच्या प्रगतीचा बराच मेळ बसला.

आमच्या बालाघाटाकडे तर असे विचारणे अगत्याचे आहे. कोणाच्या घरी पोवारी, बाजारात हिंदी आणि हाती पुस्तक मराठी! शब्द अडला म्हणजे शिक्षक शेजारच्या बांधीतील धानाचा दाखला देऊन तो उलगडतात, की पुढचे पान उलटतात, हे मागच्या बाकावरील मुलावाचून कोण सांगणार?

तेव्हा 'आवडते शिक्षक कोण?' असा कौल मुळीच घेऊ नये. (गृहपाठ न देणारे त्यात हमखास निवडून येतील!) निबंधाच्या वह्या तपासून परत मिळाल्या काय, शंका विचारल्यावर पुन्हा समजावून सांगितले काय, मागे बसणाऱ्यांस कधी प्रश्न विचारला काय, एवढेच विचारावे. उत्तराखाली नाव लिहावयास लावू नये. एरवी खरे कोण लिहील? आणि ते कागद बढती-बदलीच्या फायलीत न जाता थेट त्या शिक्षकांच्याच हाती द्यावेत.